‘थांबा, मी डिटेक्टिव्ह आहे!’ : माफियाच्या खेळातला दावा टप्प्याटप्प्याने कसा तपासायचा

हॉस्टेलच्या खोलीत, ट्रेकच्या मुक्कामी किंवा लांबच्या रेल्वेप्रवासात माफिया खेळताना गाव बहुतेक वेळा एकाच वळणावर हरतं. कोणावर तरी मतं पडायला लागतात, तो हात वर करून म्हणतो, ‘थांबा, मी डिटेक्टिव्ह आहे,’ आणि पुढची दोन मिनिटं सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. कोणी म्हणतं हा हसला, कोणी म्हणतं याचा आवाज कापला. तेवढ्यावर मतं फिरतात आणि गाव एक तर आपलाच डिटेक्टिव्ह घालवतं, नाहीतर माफियाच्या हातात पुढच्या सगळ्या दिवसांची सूत्रं देतं.

चेहऱ्यावरून खोटं ओळखण्यात आपण सगळेच कच्चे असतो. चार्ल्स बाँड आणि बेला डिपाउलो यांनी २००६ साली या विषयावरचे दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा लोकांचा अंदाज बरोबर येण्याचं सरासरी प्रमाण सुमारे ५४ टक्के निघालं. नाणं उडवलं तरी ५० येतात. म्हणून ‘हा खरं बोलतोय असं वाटतं का?’ हा प्रश्न सोडून द्या. ‘हा माफिया असता, तर त्याला हा दावा परवडला असता का?’ असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर चेहऱ्यात सापडत नाही. ते नियमांत, आकड्यांत, आधीच्या मतांत आणि दाव्याच्या तपशिलात असतं, आणि ते काढायला ठरावीक क्रम लागतो.

पुढे सगळीकडे नेहमीचा नऊ जणांचा डाव धरला आहे : २ माफिया, १ डिटेक्टिव्ह, १ डॉक्टर, ५ साधे गावकरी, शिवाय सूत्रधार म्हणून गॉड. रात्री माफिया एकाला मारतात, डॉक्टर एकाला वाचवतो, डिटेक्टिव्ह एकाबद्दल गॉडला विचारतो आणि ‘माफिया आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर त्याला मिळतं. दिवसा चर्चा होते, मतदान होतं, एक जण बाहेर जातो. माफियांची संख्या बाकीच्यांच्या बरोबरीला आली की माफिया जिंकले. ‘गाव’ म्हटलं की माफिया सोडून सगळे, डॉक्टर-डिटेक्टिव्ह धरून. प्रत्येकाला आपली भूमिका चिठ्ठीवर मिळते. उदाहरणांत खेळाडूंना क, ख, ग अशी अक्षरं दिली आहेत.

## १. चिठ्ठ्या वाटण्याआधी गॉडला विचारून घ्यायचे नियम

दाव्याचं वजन नियमांवर ठरतं आणि प्रत्येक ग्रुपचे नियम वेगळे असतात. दावा आल्यावर नियम विचारलात तर त्या प्रश्नावरूनच तुमची भूमिका उघडी पडू शकते. म्हणून हे आधीच, सगळ्यांसमोर विचारा :

- बाहेर गेलेल्याची चिठ्ठी सगळ्यांना दाखवणार का? रात्री मेलेल्याचीही दाखवणार का?
- कोणत्या भूमिका किती, हे जाहीर आहे का?
- पहिल्या रात्री खून होतो का?
- रात्री कोणालाच न मारण्याची मुभा माफियांना आहे का?
- डॉक्टर स्वतःला वाचवू शकतो का? एकाच माणसाला लागोपाठ दोन रात्री वाचवू शकतो का?
- डिटेक्टिव्हला निर्दोष दिसणारा गॉडफादर, किंवा निर्दोष असून माफिया दिसणारा गावकरी, असं कोणी डावात आहे का?
- मतदानात बाहेर गेला की जिंकतो असा जेस्टर आहे का?

या सगळ्यांत पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चिठ्ठ्या उघड होत असतील तर डिटेक्टिव्ह अजून जिवंत आहे की नाही, हे सगळ्यांना नक्की माहीत असतं आणि खोटा दावा फार धोक्याचा होतो. चिठ्ठ्या झाकलेल्या राहत असतील तर पहिल्या रात्री मेलेला माणूसच डिटेक्टिव्ह असण्याची शक्यता, माफियांनी अंदाजाने मारलं असं धरलं तर, सातांत एक असते, आणि दुसऱ्या रात्रीनंतर मेलेल्यांत डिटेक्टिव्ह असण्याची शक्यता आणखी वाढते. ‘याच्या दाव्याला कोणी विरोध केला नाही’ या गोष्टीला अशा डावात निम्मीसुद्धा किंमत देऊ नका.

सावधान : आईशप्पथ, देवाशप्पथ, मैत्रीची आण या गोष्टींना खेळात बंदी घालायला गॉडला सांगा. शपथ खरी मानली तर खेळच उरत नाही, आणि खोटी शपथ घेणाऱ्याशी डाव संपल्यावर वाईटपणा येतो. चिठ्ठी दाखवणं, व्हॉट्सअपवर खेळत असाल तर गॉडच्या मेसेजचा स्क्रीनशॉट टाकणं, यालाही तोच नियम.

## २. कागदावर मतांची नोंद

दावा तपासताना लागणारी निम्मी माहिती दावा येण्याच्या आधीच सांडलेली असते, पण ती कोणाच्या लक्षात नसते. एक कागद घ्या. प्रत्येक दिवसाला तीन गोष्टी लिहा : रात्री कोण मेलं, कोणी कोणाला मत दिलं, आणि मत बदललं असेल तर कधी बदललं. चर्चेतली वाक्यं लिहीत बसू नका, ती नंतर फिरवता येतात. मतं मात्र नंतर नाकारता येत नाहीत.

ट्रेनमध्ये वगैरे कागद नसेल तर दोघांनी मिळून मतं लक्षात ठेवा, एकाने नको. तो एकटा माफिया निघाला तर तुमची नोंदच खोटी.

## ३. आज किती चूक परवडते, ते मोजा

हा टप्पा लोक सरसकट गाळतात, आणि याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे. सकाळी, मतदानाआधी, जिवंत असलेल्या गावाच्या माणसांतून जिवंत माफिया वजा करा. आलेल्या आकड्याला फरक म्हणू.

चुकीचा माणूस बाहेर काढला की तो एक आणि रात्रीचा एक, असे गावाचे दोघं जातात. फरक दोनने कमी होतो. माफिया बाहेर काढला तर दिवसा माफियांचा एक जातो, रात्री गावाचा एक जातो. फरक तसाच राहतो. फरक शून्यावर आला की डाव संपला. यावरून :

- फरक १ किंवा २ असेल तर एकही चूक परवडत नाही.
- ३ किंवा ४ असेल तर एक चूक परवडते.
- ५ किंवा ६ असेल तर दोन.

नऊ जणांच्या डावात पहिल्या रात्री एक मेला की आठ उरतात, २ माफिया आणि ६ गाव. फरक ४, म्हणजे एक चूक परवडते. ती चूक त्याच दिवशी झाली तर पुढच्या सकाळी सहा उरतात, २ आणि ४. फरक २, आता चूक चालणार नाही. डॉक्टरने कोणाला वाचवलं तर फरक एकने सुधारतो, पण तो आधीच हिशेबात धरू नका.

याचा दाव्याशी संबंध असा : एक चूक हातात असेल तर दावा *तपासून बघता* येतो. नसेल तर तो फक्त मानता किंवा नाकारता येतो. एकच दावा आठ जण असताना आणि सहा जण असताना वेगळ्या पद्धतीने हाताळावा लागतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती फार कमी ग्रुपना माहीत असते. गॉडच्या नियमात ‘आज कोणालाच बाहेर काढायचं नाही’ असं ठरवता येत असेल, तर बसलेल्यांची संख्या सम असताना तसं करण्याने परवडणाऱ्या चुकांची संख्या कमी होत नाही. फरक ४ चा ३ होतो, तरी एक चूक शिल्लकच. २ चा १ होतो, शून्य ती शून्यच. उलट डिटेक्टिव्हला एक रात्र जास्त मिळते. चार जण उरलेत आणि दाव्याचा निकाल लागत नाही, अशा वेळी घाईने मत देऊ नका. दुसऱ्या दिवशी चौघांऐवजी तिघांतून एक शोधायचा असतो. संख्या विषम असेल तर मात्र मत न देणं महागात पडतं.

तपासा : मोठ्याने विचारा, ‘आज चुकलो तर डाव संपतो का?’ सगळ्यांचं उत्तर एकच येईपर्यंत दाव्यावर चर्चा सुरू करू नका.

## ४. दावा येताच मतदान थांबवा आणि बोलण्याचा क्रम ठरवा

दावा झाला की पाच जण एकदम बोलायला लागतात. त्यात कोणीतरी दावेदाराला नकळत उत्तर पुरवतं : ‘मग तू घ ला चेक केलं असशील ना, तो गप्प होता?’ खोटा दावेदार हे लगेच उचलतो. म्हणून क्रम असा :

पहिला, दावेदार एकटाच बोलेल. भूमिका कोणती, कोणत्या रात्री कोणाला तपासलं, काय उत्तर मिळालं, आणि *त्यालाच का* तपासलं. चारही गोष्टी एका दमात. मध्ये कोणी प्रश्न विचारायचा नाही.

दुसरा, गोलाकार फेरी. प्रत्येकाने आपली पाळी आली की फक्त ‘काउंटर नाही’ किंवा ‘डिटेक्टिव्ह मी आहे’ एवढंच म्हणायचं. काउंटर म्हणजे त्याच भूमिकेवर दुसऱ्याने केलेला उलट दावा. ‘बाकी कोणी आहे का?’ असा मोघम प्रश्न टाकून पुढे जाऊ नका. गोंधळात गप्प राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी म्हणतो, ‘मला बोलायला मिळालंच नाही.’ प्रत्येकाच्या तोंडून शब्द आला की ती पळवाट बंद होते.

तिसरा, काउंटर आलाच तर त्यानेही त्याच चार गोष्टी सांगायच्या.

हा क्रम उलटा करू नका. आधी काउंटर घेतलात आणि मग पहिल्या दावेदाराला तपशील विचारलात, तर खोटा माणूस समोरच्याचं ऐकून आपली कहाणी बेतून घेतो.

आता प्रश्न येतो तो खऱ्या डिटेक्टिव्हचा : त्याने लगेच काउंटर करावा का? माझं मत स्पष्ट आहे, करावा. माफियाने त्याच्या भूमिकेचा दावा केला म्हणजे एक माफिया आपणहून उजेडात आला. डिटेक्टिव्ह गमावून जरी तो माफिया मिळाला, तरी दोन माफियांच्या डावात गावाचा फायदाच आहे. गप्प राहून ‘रात्री आणखी एक चेक मिळवतो’ असं मनात धरणारा डिटेक्टिव्ह दुसऱ्या दिवशी बोलला की त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये, कारण फेरीत तो ‘काउंटर नाही’ म्हणून बसलेला असतो.

सावधान : काउंटर फक्त त्याच भूमिकेचा. डिटेक्टिव्हच्या दाव्याला ‘हे खोटं आहे, मी डॉक्टर आहे’ हे उत्तर होत नाही. त्याने काहीच सिद्ध होत नाही आणि माफियांना डॉक्टर मात्र फुकटात कळतो.

फेरीत एकही काउंटर आला नाही, चिठ्ठ्या उघड होत असतील आणि मेलेल्यांत डिटेक्टिव्ह नसेल, तर दावा जवळजवळ नक्की खरा माना. खोटा असता तर खरा डिटेक्टिव्ह समोर बसलेला असता आणि बोलला असता. इथे दावेदार आवडतो की नाही, मागच्या डावात त्याने फसवलं होतं का, हे बाजूला ठेवा. मागचा डाव हा पुरावा नाही. चांगला खेळाडू माफिया असताना आणि नसताना सारखाच वागायचा प्रयत्न करतो.

## ५. रात्रवार नोंद आणि आधीची मतं जुळवून बघा

खोटं बहुतेक वेळा इथे सापडतं. तीन जागी बोट ठेवा.

काळ. दावेदाराने दिलेलं कारण त्या रात्री अस्तित्वात होतं का? ‘पहिल्या रात्री मी छ ला तपासलं, कारण तो फारच गप्प होता’ हे वाक्य ऐकायला साधं वाटतं. पण पहिल्या रात्रीआधी चर्चाच झालेली नसते, मग गप्प कुठे होता? खऱ्या डिटेक्टिव्हचं पहिल्या रात्रीचं कारण सहसा साधंच असतं : शेजारी बसला होता, हा चांगला खेळतो म्हणून आधी याला बघितलं, काही सुचलं नाही. खोटं बोलणारा कारण जास्त पटणारं करायला जातो आणि दिवसाची माहिती रात्रीत घालतो.

मत. छ निर्दोष आहे हे त्याला सकाळीच माहीत होतं, असं तो म्हणतो. मग त्याने दिवसभरात छ ला मत दिलं का? छ वर मतं पडत असताना तो काय करत होता? ज्याला आपण निर्दोष ओळखलंय त्यालाच मत देणं याला सहसा खुलासा नसतो. तसंच, ज्याला माफिया ओळखलं त्याच्याबद्दल दिवसभर अवाक्षर न काढणं. इथे थोडं सैल राहा. नवा खेळाडू भीतीने गप्प बसतो. मत मात्र भीतीने चुकीच्या माणसाला पडत नाही.

दबाव. मतं आपल्यावर येत असताना केलेला दावा आणि कोणी विचारलेलं नसताना केलेला दावा यांचं वजन सारखं धरू नका. मरणाच्या दारात खरा डिटेक्टिव्हही दावा करतो आणि माफियाही करतो, म्हणून त्या दाव्यातून फारसं कळत नाही. पण उलट टोकही टाळा : ‘मरायला आल्यावर बोलला, म्हणजे खोटा’ हा तर्क साफ चुकीचा आहे. डिटेक्टिव्हने तोवर लपून राहणंच बरोबर असतं.

तपासा : तुमच्याकडे दावेदाराविरुद्ध जे आहे, ते कागदावरचं आहे की आठवणीतलं वातावरण आहे? कागदावरचं एकही नसेल तर या टप्प्यातून तुम्हाला काहीच मिळालेलं नाही, असं धरून पुढे जा.

## ६. दाव्याची माफियाला किती किंमत मोजावी लागली असती?

आता मूळ प्रश्न. प्रत्येक निकालाला ‘हे खोटं असतं तर माफियाचं काय बिघडलं असतं’ हे लावून बघा.

‘मी काल मेलेल्या ट ला तपासलं होतं, तो निर्दोष होता.’ किंमत शून्य. त्याची चिठ्ठी सगळ्यांनी पाहिली आहे. या निकालाने दावेदाराबद्दल काहीही कळत नाही, तरी लोक मान डोलावतात.

‘जिवंत असलेला छ निर्दोष आहे.’ किंमत कमी. हे लगेच तपासता येत नाही, आणि छ त्याचा जोडीदार असेल तर दोघांनाही कवच मिळतं. शिवाय छ खरोखर गावकरी असला तरी माफियाला फायदाच आहे. आपल्याला निर्दोष म्हणणाऱ्याच्या बाजूने छ मनापासून भांडतो.

‘जिवंत असलेला च माफिया आहे.’ किंमत मोठी. च ला बाहेर काढलं आणि तो गावकरी निघाला, तर दावेदाराचा खोटेपणा सगळ्यांसमोर उघडा पडतो. माफिया हा दावा करतो तो दोनच वेळी : तो स्वतः आज नक्की मरणार असतो तेव्हा, किंवा गावाला एकही चूक परवडत नसते तेव्हा, कारण मग खोटेपणा उघड होण्याआधी डावच संपतो. फरक मोजल्याशिवाय हे ओळखता येत नाही.

आपल्याच जोडीदाराला माफिया म्हणून पकडून देणं हेही कधी होतं, पण दोन माफियांच्या डावात म्हणजे अर्धी टोळी देऊन टाकणं. तीन-चार माफिया असतील तरच ही शंका मनात आणा.

सावधान : दावेदाराने ज्याला निर्दोष म्हटलं, तो माणूस दावेदाराइतकाच पक्का, त्याहून जास्त नाही. ‘ख वर माझा विश्वास नाही, पण छ तर क्लिअर आहे ना’ हे वाक्य जवळपास प्रत्येक डावात ऐकू येतं. छ ला क्लिअर कोणी केलं? ख नेच. दावा पडला की त्यावर टांगलेलं सगळं पडतं.

## ७. दोन्ही बाजू पूर्ण मांडा आणि मग मत कोणावर टाकायचं ते ठरवा

एक डाव पूर्ण घेऊ. खेळाडू क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट. पहिल्या रात्री ट मेला, चिठ्ठी उघडली, साधा गावकरी. आठ जण उरले. फरक ४, एक चूक परवडते. दिवसा ख वर मतं गेली. ख म्हणाला, मी डिटेक्टिव्ह, छ ला तपासलं, निर्दोष. फेरीत ग म्हणाला, डिटेक्टिव्ह मी आहे, च ला तपासलं, माफिया आहे. कागद बघितला तर ग ने दिवसभर च लाच मत दिलेलं आहे.

पहिली बाजू, ख खरा : मग ग माफिया. छ निर्दोष. दुसरा माफिया क, घ, च, ज, झ यांपैकी कोणीतरी.

दुसरी बाजू, ग खरा : मग ख माफिया, च माफिया. दोघं पूर्ण झाले, बाकी सगळे निर्दोष.

दोघंही खोटे ही तिसरी बाजू इथे संभवत नाही. ट गावकरी निघालाय, म्हणजे खरा डिटेक्टिव्ह जिवंत आहे आणि फेरीत त्याने तोंड उघडलंच असतं. झाकलेल्या चिठ्ठ्यांचा डाव असेल तर ही तिसरी बाजूही लिहा.

अशा वेळी नव्वद टक्के ग्रुप ख आणि ग यांच्यात मतदान घेतात, असं मला वाटतं. ही मोठी चूक आहे. मत च वर टाका.

कारण बघा. च माफिया निघाला तर ग जवळजवळ नक्की खरा ठरला (दोन माफियांच्या डावात आपला जोडीदार सहसा कोणी देत नाही), उद्या ख जाईल, डाव जिंकला. च गावकरी निघाला तर ग खोटा ठरला, उद्या ग जाईल. म्हणजे ख ला किंवा ग ला बाहेर काढून जो निकाल कळला असता, तोच इथेही कळतो. पण चुकलात तर जातो साधा गावकरी, डिटेक्टिव्ह नाही. खरा डिटेक्टिव्ह जिवंत राहतो, रात्री आणखी एकाला तपासू शकतो. ज्याच्यावर आरोप झालाय असा माणूस समोर असेल, तर दावेदाराआधी आरोपीला बाहेर काढा.

मत टाकण्याआधी एक पायरी राहते : च ला त्याची भूमिका विचारा. तो ‘साधा गावकरी’ म्हणाला तर काही बदलत नाही. तो ‘मी डॉक्टर’ म्हणाला तर पुन्हा फेरी घ्या, यावेळी फक्त डॉक्टरच्या काउंटरसाठी. कोणीच आलं नाही तर च खरा डॉक्टर आहे, ग खोटा ठरला आणि परवडणारी चूक न वापरताच निकाल लागला. कोणी आलं तर खरं कोण हे पुन्हा ठरवावं लागेल, पण आता च आणि ग यांची भांडणं एकत्र बांधलेली आहेत. च पडला की ग उभा राहतो.

हाच प्रसंग सहा जण असताना आला असता तर? फरक २, चूक परवडत नाही. तिथे ‘च ला काढून बघू’ चालत नाही, कारण च गावकरी निघाला तर रात्रीनंतर दोघं-दोघं उरतात. तेव्हा पाचव्या टप्प्यातल्या काळाच्या आणि मताच्या तपासणीवरच निर्णय घ्यावा लागतो. संख्या सम आहे, म्हणून नियम परवानगी देत असेल तर मत न टाकता रात्र काढणं हाही मार्ग आहे. दोन दावेदार समोर असताना रात्री कोण मेलं आणि नवा निकाल काय आला, यातून बरंच स्पष्ट होतं.

सावधान : दोन बाजू मांडताना जी बाजू छोटी आणि सुबक दिसते तीच खरी वाटायला लागते. वरच्या डावात ग ची बाजू दोन नावांत संपते. म्हणून ती खरी ठरत नाही, फक्त तपासायला सोपी ठरते.

## ८. डॉक्टरचा दावा वेगळा का तपासायचा

रात्री कोणी मेलं नाही. सकाळी एक जण म्हणतो, ‘मी डॉक्टर, मी घ ला वाचवलं.’ लोक लगेच पटवून घेतात, कारण तपशील अचूक वाटतो. पण घ वर हल्ला झाला हे दोघांना माहीत असू शकतं : वाचवणाऱ्या डॉक्टरला आणि हल्ला करणाऱ्या माफियाला. अचूक नाव सांगणं हा इथे पुरावाच होत नाही. माफियांना खून न करण्याची मुभा असेल तर त्याहून कमी.

म्हणून डॉक्टरच्या दाव्यात काउंटरची फेरी हाच एक आधार, आणि ती फेरीही शक्य तितकी टाळलेली बरी. मतदानात बाहेर जायची वेळ आली नसेल तर डॉक्टरने दावा करू नये आणि गावाने तो मागू नये. ‘काल कोणी वाचवलं ते सांगा’ अशी हौशी मागणी करणाऱ्याला थांबवा. दावा झालाच आणि काउंटर आला नाही, तर मान्य करा, पण घ ला त्यावरून पूर्ण निर्दोष धरू नका; तो डॉक्टरइतकाच पक्का.

साध्या गावकऱ्याच्या दाव्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्याला काउंटर होऊ शकत नाही, किंमत नाही, माहिती नाही. सगळ्यांना आळीपाळीने ‘तुम्ही कोण?’ विचारत सुटू नका. त्याने माफियांना डॉक्टर शोधायला मदत होते, एवढंच.

## ९. रात्र गेल्यावर दावा पुन्हा उघडा

मानलेला दावा कायमचा मानलेला नसतो. प्रत्येक सकाळी त्याच्याकडे नव्याने बघा, पण एका सापळ्यापासून जपून.

‘हा खरा डिटेक्टिव्ह असता तर माफियांनी रात्री मारला नसता का?’ हा प्रश्न पहिल्याच सकाळी विचारला जातो. डॉक्टर जिवंत असेल तर माफिया उघड झालेल्या डिटेक्टिव्हवर खून वाया घालवायला बिचकतात, किंवा तुम्हाला नेमका हाच संशय यावा म्हणून त्याला मुद्दाम सोडतात. त्यामुळे डॉक्टर जिवंत असेपर्यंत दावेदाराचं जगणं हा त्याच्याविरुद्धचा पुरावा मानू नका. डॉक्टर मेल्याचं सगळ्यांना कळलं आणि त्यानंतरही दावेदार दोन रात्री जगला, तर मात्र त्याची सगळी यादी पुन्हा तपासायला घ्या : त्याने किती निकाल जिवंत माणसांचे दिले, त्यातले किती ‘माफिया’ होते, आणि त्यातले किती चिठ्ठीने खरे ठरले. सगळे निकाल ‘निर्दोष’ किंवा मेलेल्यांचे असतील, तर त्याने आजवर एकदाही किंमत मोजलेली नाही.

डॉक्टर असाल तर सातव्या टप्प्यातल्या डावात रात्रीचा नियम सोपा आहे. च माफिया निघाला असेल तर ग ला वाचवा. च गावकरी निघाला असेल तर ख ला. लागोपाठ दोन रात्री एकालाच वाचवता येत नसेल, तर पहिली रात्र खऱ्या ठरलेल्या डिटेक्टिव्हलाच द्या. त्या एका रात्रीत त्याला मिळणारा निकाल पुढच्या दिवसाच्या मतदानाला पुरतो. आणि सकाळी डिटेक्टिव्हने आपला नवा निकाल चर्चा सुरू होण्याआधी, सर्वांत पहिल्यांदा सांगायचा, कारणासकट.